उमेद तीनवर आलीये, चहा टाक

शनिवारी रात्री जेवणं आटोपली, टेबल पुसून कोरडं झालं, की आतल्या खोलीतून अण्णांची हाक येते, "पट मांडला का गं?" सोंगट्या, सारीपाट हे शब्द त्यांच्या तोंडात लहानपणापासूनचे. त्यामुळे जर्मनीहून आलेल्या या खेळालाही आमच्या घरात सगळे 'पट'च म्हणतात. मी खोका उघडते, लेक पुठ्ठ्याचे वीर त्यांच्या प्लास्टिकच्या पायांत बसवते आणि अण्णा काठी भिंतीला टेकवून खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पुण्याच्या पीएमटी बसवर ३१ वर्षं ड्रायव्हर होते, स्वारगेट डेपोला. २००७मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, त्याच्या आदल्या वर्षी ते निवृत्त झाले. ते बसला अजून पीएमटीच म्हणतात. गेल्या जूनमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. आमचं घर कर्वेनगरात, तिसऱ्या मजल्यावर. इमारत जुनी, लिफ्ट नाही. घरात चाला, व्यायाम करा, पण जिन्याची घाई नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज सकाळी उठून शहरभर हिंडणारा माणूस खिडकीशी बसला. पालख्या पुण्यात आल्या तेव्हा दर वर्षीसारखे ते रस्त्याच्या कडेला उभे नव्हते. टीव्हीवर पाहत होते. मधेच त्यांनी टीव्ही बंद केला आणि काही न बोलता आत जाऊन पडले. ती दुपार माझ्या डोक्यातून जाईना.

हा खोका तेव्हा कपाटावर पडून होता. माझा थोरला भाऊ श्टुटगार्टला असतो. मे महिन्यात आला तेव्हा भाचीसाठी घेऊन आला. लेक नववीत, शाळेत तिसरी भाषा जर्मन, त्यामुळे "खेळता खेळता भाषा पक्की होईल" असा त्याचा हिशोब. खेळाचं नाव 'डी लेगेंडेन फॉन अँडोर', म्हणजे अँडोरची आख्यानं. २०१२मध्ये श्टुटगार्टच्याच कॉसमॉस कंपनीने काढलेला. करणारा मिखाएल मेन्त्सेल हा मुळात खेळांची चित्रं काढणारा चित्रकार. इथे खेळही त्याचा आणि चित्रंही त्याचीच. २०१३ साली याला जर्मनीतलं 'केनरश्पील डेस यारेस' हे खेळांचं पारितोषिक मिळालं. 'केनर' म्हणजे जाणकार, असं लेकीने मला ऐटीत सांगितलं.

पट उघडला आणि मी बघतच राहिले. डोंगर, नदी, जंगल, कोपऱ्यात राजाचा किल्ला. सगळ्या प्रदेशाचे लहान लहान भाग पाडलेले आणि प्रत्येक भागाला नंबर. किल्ल्याचा नंबर शून्य. अण्णा चष्मा सावरून पटावर वाकले आणि पहिलंच वाक्य बोलले, "हे बरंय. स्टॉपला नंबर आहेत." दोन शनिवारांत त्यांना ते सगळे नंबर पाठ झाले. कुठल्या नंबरावरून बाण कुठे जातो, विहीर कुठे, पूल कुठे, हे ते आता पटाकडे न बघता सांगतात.

अडचण एकच होती. सगळं जर्मनमध्ये. अण्णांना इंग्रजी पाट्या वाचता येतात, तेवढंच. आणि या खेळात वाचणं पुष्कळ. पटाच्या उजव्या कडेला ए ते एन अशी अक्षरांची शिडी आहे. तिच्यावरून निवेदकाची सोंगटी वर सरकते आणि ठरावीक अक्षरांवर पोचली की गोष्टीचं नवं कार्ड उघडायचं. ते कार्ड सांगतं, राजा आजारी पडलाय, अमुक कामगिरी तुमच्यावर आलीय. एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचं. ते ऐकणंच गेलं तर उरतात नुसते फासे.

म्हणून आम्ही मायलेकींनी ती कार्डं मराठीत आणायला घेतली. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासते. लेक शब्दकोश घेऊन कच्चं भाषांतर करायची, मी त्यावर लाल पेन फिरवायची आणि अण्णा ऐकून पास-नापास ठरवायचे. चिठ्ठ्या घालायला अप्पा बळवंत चौकातून प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं आणली. मला वाटलं होतं दोन संध्याकाळचं काम आहे. तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे खेळाइतकेच माझ्या जवळचे आहेत.

'झ्वेर्ग'पासूनच वाद. लेकीने लिहिलं 'बुटका'. मला ते टोचलं. वीर आहे तो, त्याला हिणवायचं कशाला? 'ठेंगू' त्याहून वाईट. अण्णा म्हणाले, "वामन म्हणा की. तीन पावलांत बळीराजाचं राज्य घेतलं त्याने." वामन ठरला आणि अण्णांनी तोच आपल्यासाठी घेतला. लेक तिरंदाज झाली. प्रत्येक वीराच्या पुठ्ठ्याच्या तक्त्यावर एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बाई आहे, लेकीने पहिल्याच दिवशी तक्ता उलटून तिरंदाज बाई घेतली. मी जादूगारीण. त्यावरून पुढचा वाद, कारण गोष्टीत एक 'हेक्से'ही येते. धुक्यात लपलेली असते आणि सापडली की काढा देते. 'चेटकीण' हा शब्द माझ्या पेनातून उतरला होता. अण्णांनी विचारलं, "ती कुणाचं वाईट करते का?" नाही. "औषध देते?" हो. "मग वैदीण आहे ती." मी 'चेटकीण' खोडलं.

निवेदकाला 'कथेकरी' म्हटलं. प्रत्येक मोहिमेला जर्मनमध्ये 'लेगेंडे' म्हणतात, तिला 'आख्यान'. कथेकरी आला की आख्यान आपोआपच आलं. मूळ खोक्यात अशी पाच आख्यानं आहेत आणि चौथ्यासाठी पट उलटला की मागच्या बाजूला खाण निघते.

सगळ्यांत जास्त घोळ 'विलेन्सपुंक्टे'वर झाला. प्रत्येक वीराकडे दोन मापं असतात. एक ताकद. तिच्याबद्दल तक्रार नव्हती. दुसरं हे. लेकीने लिहिलं 'इच्छाशक्तीचे गुण', जे पाठ्यपुस्तकातलं वाटत होतं. मी 'मनोबल' केलं. व्याकरणात बसत होतं, पण टेबलावर कोणी म्हणेना. अण्णांनी विचारलं, त्याने होतं काय? लेकीने सांगितलं. ते जास्त असेल तर लढताना बहुतेक वीरांना जास्त फासे मिळतात. लढाईत मार बसला की कमी होतं. विहिरीवर थांबून पाणी प्यालं की तीनने वाढतं. दिवसाचे सात तास संपल्यावरही काम करायचं असेल तर तीन तासांपर्यंत करता येतं, पण दर तासाला दोन-दोन कमी होतात. आणि ते शून्यावर गेलं तर वीर मरत नाही. त्याची ताकद एकाने घटते आणि तीन परत मिळतात.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ही उमेद."

त्यानंतर त्या शब्दाला कोणी हात लावला नाही. तो टेबलावरून उठून घरात हिंडायला लागला. व्यायाम करून घामाघूम झाले की अण्णा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "उमेद तीनवर आलीये, चहा टाक." चाकणहून दुसरी पाळी करून रात्री साडेबाराला आलेला माझा नवरा, ज्याने हा खेळ कधी खेळलेलाही नाही, तोही सोफ्यावर अंग टाकून म्हणतो, "शून्य."

आता खेळाबद्दल मला जे मनापासून सांगायचंय ते सांगते.

वीर, राक्षस, मोहिमा असे खेळ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. समोर येईल त्याला मारा, सोनं गोळा करा, त्यातून ताकद वाढवा, आणखी मोठ्याला मारा. अँडोरमध्येही मारल्यावर मोबदला मिळतो. गोर नावाचा सगळ्यांत साधा प्राणी मारला तर दोन मिळतात, हवं तर नाणी घ्या, हवं तर उमेद. स्क्राल मारला तर चार. नाणी घेऊन व्यापाऱ्याकडे गेलं की दोन नाण्यांना ताकदीचा एक गुण. वामनाला खाणीजवळच्या व्यापाऱ्याकडे तोच एका नाण्याला मिळतो. पण मेन्त्सेलने एक नियम घातलाय, ज्याने सगळं उलटंपालटं होतं. कथेकरी दर सूर्योदयाला एक अक्षर पुढे जातो आणि एक प्राणी मारला की तेव्हाही एक अक्षर पुढे जातो. एनवर पोचला की आख्यान संपलं. तोवर कामगिरी झाली नसेल तर हरलात. म्हणजे ए ते एन या तेरा पावलांतच सगळे दिवसही बसवायचे आणि सगळ्या लढायाही. जिंकलेल्या प्रत्येक लढाईची किंमत म्हणून आयुष्यातला एक दिवस जातो.

आणि न मारून भागत नाही. दर सूर्योदयाला हे प्राणी बाणांच्या दिशेने किल्ल्याकडे सरकतात. तिघे खेळत असलो तर किल्ल्याला दोन ढाली. दोन प्राणी आत शिरले तरी चालतात, तिसरा शिरला की खेळ खलास. म्हणून दर वेळी टेबलावर एकच प्रश्न असतो. कोणाला मारायचं आणि कोणाला जाऊ द्यायचं? हा प्रश्न सोडवता सोडवता माणूस कसा घडतो ते मी माझ्या लेकीत पाहिलं.

दुसरं आख्यान राजाच्या दुखण्याचं. राजा ब्रांडूर आजारी, त्याच्यासाठी औषधी वनस्पती शोधून किल्ल्यावर पोचवायची, बुरुजावर ठाण मांडून बसलेल्या एका दांडग्या स्क्रालला हरवायचं आणि किल्लाही राखायचा. तिन्ही. पहिल्या वेळी तिरंदाजाने दिसेल त्याला लोळवलं. लेकीला थांबवणं शक्यच नव्हतं, ती खुर्चीवर गुडघे टेकून फासे टाकायची. कथेकरी धावत एनवर पोचला आणि वनस्पती अजून जंगलातच. दुसऱ्या वेळी आम्ही इतके हात राखून खेळलो की किल्ल्यात तिसरा गोर शिरला. तिसऱ्या वेळची चूक माझी. पटावर शेतकरी असतात. वीराने त्यांना सोबत घेऊन किल्ल्यावर सोडलं तर एकेका शेतकऱ्यामागे किल्ल्याला एकेक जागा वाढते. मात्र सोबत शेतकरी असताना एखादा प्राणी असलेल्या जागेत पाऊल टाकलं तर शेतकरी तिथेच मरतो. मला घाई होती. दोन तास वाचवायला मी त्याला गोराच्या जागेतून नेलं. लेकीने शेतकऱ्याची चकती उचलून खोक्यात ठेवली. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. माझा तो शनिवार वाईट गेला. खेळातली का होईना, माझ्या भरवशावर निघालेली ती व्यक्ती होती.

चौथी खेप श्रावणातल्या शनिवारी. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी लेक क्लासवरून घेऊन आली. नऊ वाजता लाइट गेले. आम्ही इन्व्हर्टरच्या एका दिव्याखाली पट मांडला.

त्या रात्री अण्णांनी पहिल्याच फेरीत जाहीर केलं, "लढायचं काम तुम्ही दोघी बघा. मी पॅसेंजर आणतो." वामन लढायला कच्चा नाही, खाणीजवळ जाऊन त्याने स्वस्तात ताकद वाढवली असती. लेकीने तसं सुचवलंही. अण्णांनी मान हलवली. ते शेतकऱ्याकडे गेले, त्याला घेतलं आणि परतीच्या वाटेवर गोर बघून बोट थांबवलं. सरळ रस्ता चार तासांचा. त्यांनी वळसा घेतला. सात तास संपले, किल्ला अजून एका घरावर. दोन उमेद देऊन आठवा तास घेतला आणि शेतकऱ्याला शून्य नंबरात उतरवला. पूर्ण दिवस गेला त्यात. "आजोबा, एवढ्यात दोन गोर मारले असते," लेक म्हणाली. अण्णा म्हणाले, "कात्रजच्या घाटात पाऊस असला की मी गाडी कधी रेटली नाही. उशिरा गेलो, पण सगळे पोचले." मग पुढे काही न बोलता त्यांनी आपल्या तक्त्यावरची उमेदीची खूण दोनने खाली सरकवली.

पुढे वैदीण धुक्यात लेकीलाच सापडली, काढा तिच्याकडे आला. वनस्पती मी किल्ल्यावर पोचवली. मधल्या धावपळीत दोन गोर किल्ल्यात शिरले होते. कथेकरी एलवर. आम्ही तिघं बुरुजाच्या जवळ, दिवस मावळत आलेला, आणि किल्ल्याच्या अगदी दाराशी तिसरा गोर. तिरंदाज शेजारच्या घरातूनही बाण मारू शकते, त्यामुळे तेवढं अंतर मागे येऊन लेकीने त्याला सहज टिपलं असतं. तिचा हात फाशांवर गेला. मी श्वास रोखून बघत होते. काहीही सांगायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं.

तिने हात मागे घेतला. अक्षरं मोजली, पुन्हा मोजली. "मारला तर एम. सूर्योदयाला एन. मग स्क्राल राहतो." मग किल्ल्याकडे बघितलं. "दोन आत आहेत. ढाली दोन. आणि आजोबांचा शेतकरी एक." ती अण्णांकडे वळली. "आजोबा, याला आत येऊ दे. तुमच्या शेतकऱ्यामुळे जागा आहे."

अण्णांनी नुसती मान डोलावली. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. पालखीच्या दुपारनंतर तसा पहिल्यांदाच.

सूर्योदय झाला. घटनेच्या कार्डाने काही बिघडवलं नाही. गोर किल्ल्यात गेला, किल्ला टिकला, कथेकरी एमवर. आता बुरुज. तिघांनी एकत्र लढताना सगळ्यांची ताकद आणि प्रत्येकाचा एकेक फासा अशी बेरीज होते. वामनाच्या फाशांवर चार आले. माझ्याकडे एकच फासा आणि त्यावर आला एक. पण जादूगारिणीला फासा उलटा करता येतो. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात, म्हणजे एकाच्या पोटात सहा. उलटला. तिरंदाजाचं गणित वेगळं असतं. तिला फासे पुष्कळ, पण एकेक करून टाकायचे आणि थांबेल तिथला शेवटचाच धरायचा. पुढचा टाकला की मागचा गेला. याआधी लेक कधी थांबलीच नव्हती. पाच आला तरी सहाच्या आशेने पुढचा टाकायची आणि दोनवर यायची. त्या रात्री पहिला तीन आला. दुसरा पाच. हातात आणखी दोन होते. तिने ते टेबलावर ठेवले, वैदिणीच्या काढ्याची चकती पुढे सरकवली आणि म्हणाली, "थांबले. पाचाचे दहा."

एका फेरीत झालं नाही, दुसरी लागली. पण स्क्राल पडला. साडेअकरा वाजले होते. लेकीने शेवटची चिठ्ठी मोठ्याने वाचली, राजा बरा झाल्याची. ती तिने एकटीने केलेली होती, मी लाल पेन लावलंच नव्हतं. एक वेलांटी चुकली होती. तशीच ठेवली आहे.

पुढच्या शनिवारी तिसऱ्या आख्यानाला बसलो तेव्हा लेक हिरमुसली. या खेळात कमावलेली ताकद पुढच्या आख्यानात येत नाही, सगळे वीर पुन्हा सुरुवातीपासून. माझी एक मैत्रीण वेगळ्या प्रकारचे खेळ खेळते, ज्यांत वीर महिनोन्‌महिने वाढत जातो, त्याच्या कागदावर खुणा जमतात. तिला अँडोरचं हे पटत नाही. मला पटतं. तिसऱ्या आख्यानात लेकीच्या तिरंदाजाकडे नावापुरतीच ताकद होती, तरी पहिल्याच फेरीत तिने विचारलं, "शेतकरी कुठे कुठे आहेत?"

गणपतीत डॉक्टरांनी जिना उतरायची परवानगी दिली. सोसायटीचा गणपती खाली, पार्किंगमध्ये बसतो. आरतीच्या आधी अर्धा तास आम्ही निघालो. अण्णा पुढे, एक हात कठड्याला, दुसऱ्या हातात काठी. लेक एक पायरी खाली, मी मागे. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आणि थांबले. कपाळावर घाम होता. खालून झांजा ऐकू यायला लागल्या होत्या.

"सात तास झाले," अण्णा म्हणाले. "ओव्हरटाइम लागणार."

"तासाला दोन उमेद जातील, आजोबा."

"जाऊ देत," म्हणाले आणि पुढची पायरी उतरले.